शून्य धरण्यात येईल

तालुक्याची सभा आटोपून सरिताताई गावात परतल्या तेव्हा नव्या आमटोलीच्या अंगणवाडीला दहापैकी नऊ पूर्णांक चार गुण मिळालेले होते आणि त्या परीक्षेला अंगणवाडीतलं एकही लेकरू बसलेलं नव्हतं.

हे त्यांना एकदम कळलं नाही. आधी दिसली चंदा. चंदा म्हणजे अंगणवाडीची मदतनीस, सरिताताई सेविका. ती दारात उभी राहून पदराने हात पुसत होती आणि हात कोरडे होते. मग दिसले केशवराव. ते लेकरांच्या लाल प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते आणि विजयी दिसत होते. सत्तरी गाठलेल्या माणसाने वीतभर खुर्चीवर बसून विजयी दिसणं सोपं नाही, पण केशवरावांना ते जमलं होतं.

"झालं, बाई," ते म्हणाले. "आता तुमी काई चिंता करू नका. वीसच्या वीस दाखवले."

"काय दाखवले, काकाजी?"

"लेकरं."

"आज तर सहाच आले असतील. धानाची रोवणी सुरू आहे."

"सहाच आले होते," चंदा जमिनीकडे पाहत म्हणाली. "त्याइले स्वयंपाकाच्या खोलीत बसवलं, ताई. मुरमुरे दिले."

सरिताताईंनी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. सहा लेकरं स्वयंपाकाच्या खोलीत मुरमुरे खात होती, तर बाहेर वीस कोण होती, हा प्रश्न त्यांना पडला आणि त्याचं उत्तर मिळू नये असंही त्याच क्षणी वाटलं.

प्रकरण असं होतं. नागपूरच्या एका संस्थेने त्या वर्षापासून बालशिक्षणाला पैसे देण्याची रीत बदलली होती. पूर्वी आधी पैसे यायचे, मग खेळणी यायची, आणि लेकरं शिकली का हे कोणी विचारत नसे. आता उलटं केलं होतं. जुलैत एक परीक्षक येणार, लेकरांना काय काय येतं ते लिहून नेणार. मार्चमध्ये पुन्हा येऊन पुन्हा लिहून नेणार. दोन्हींतला फरक म्हणजे लेकरांची वाढ. वाढ भरपूर निघाली तर गावाला आणखी एक वर्ग, शिक्षिकेच्या पगारासह. नाही निघाली तर राम राम.

तो वर्ग नव्या आमटोलीला हवाच होता. गोसीच्या धरणात जुनी आमटोली बुडाली तेव्हा लोकांना इकडे प्लॉट मिळाले, पण ते कालव्याच्या दोन बाजूंना मिळाले. अलीकडे एक नंबरची टोली, म्हणजे वस्ती, पलीकडे दोन नंबरची. अंगणवाडी अलीकडे, आणि यादीतल्या वीस लेकरांपैकी अकरा पलीकडची. मधला पूल अरुंद, त्याला कठडा नाही. चंदाही पलीकडचीच. मागच्या पावसाळ्यात तिच्या लेकीची, तृप्तीची एक चप्पल कालव्यात गेली. चप्पलच गेली, पण त्या दिवसापासून चंदा पूल ओलांडताना तृप्तीला कडेवर घेते आणि तिचे डोळे पाण्यावरून हलत नाहीत. पावसाळ्यात बाकीच्या आया लेकरांना पाठवतच नाहीत. दुसरा वर्ग मिळाला असता तर तो दोन नंबरच्या टोलीत झाला असता, आणि बारावी झालेली चंदा तिथे शिकवणार होती. सरिताताईंना हवं होतं ते एवढंच.

संस्थेने चौतीस पानांची एक पुस्तिका दिली होती. सरिताताईंनी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली होती. चंदाने वाचली नव्हती. त्या दिवशी सकाळी परीक्षकाचा फोन आला की मी दोन दिवस आधीच येतोय, तासाभरात पोहोचतो. सरिताताई सभेत, त्यांचा फोन बंद. चंदाने घाबरून पुस्तिका उघडली आणि जे पान उघडलं त्यावर चौदावा नियम होता: 'ज्या मुलांची पहिली नोंद उपलब्ध नसेल, त्यांची नोंद शून्य धरण्यात येईल.'

समोर सहा लेकरं होती. म्हणजे चौदा शून्यं. चंदा पुस्तिका घेऊन केशवरावांकडे पळाली.

केशवरावांकडेच का, हे गावात कोणी विचारलं नसतं. धरणाने या गावाला तीस वर्षांत काही दिलं असेल तर ते सर्वेक्षण. घरांचं सर्वेक्षण, झाडांचं, विहिरींचं, माणसांचं, मग त्याचं फेरसर्वेक्षण. या सगळ्यांत केशवराव पारंगत झाले होते. चार आंब्यांची चाळीस झाडं त्यांनी दाखवली होती, आणि एकाच म्हशीला तीन गोठ्यांतून मोजून घेतलं होतं. पण हे सगळं ते हौसेने शिकले नव्हते. पहिल्या सर्वेक्षणाच्या दिवशी त्यांचा धाकटा भाऊ सुखराम सासुरवाडीला गेला होता. त्याच्या नावापुढे शून्य लागलं. त्याची बारा झाडं, विहीर, दोन खोल्या, सगळं खरं होतं आणि सगळं पाण्यात गेलं. सुखरामला त्याबद्दल आजतागायत काही मिळालेलं नाही. शून्य हा आकडा केशवरावांना ऐकवत नसे.

"शून्य म्हंजे संपलं," त्यांनी चंदाला सांगितलं. "पहिल्या सर्वेत जे लागते ते जलमभर राह्यते. कायले भेतं? दाखवून देऊ वीस."

शाळा समोरच होती. पहिली आणि दुसरीच्या वर्गांवर एकच गुरुजी, सेवकराम. त्यांना कार्यालयात कसलीशी माहिती ऑनलाइन भरायची होती. वीस मुलं कोणी तासभर सांभाळतो म्हटल्यावर त्यांनी कारण विचारलं नाही.

"पण आपले सहा तं आहेत ना खरे," चंदा म्हणाली होती. "ते राहू द्या. चौदाच आणा."

"सहा लहान अन् चौदा मोठे? आंधळ्यालेही दिसन," केशवराव म्हणाले. "सर्वेत सगळे एकसारखे पाह्यजेत."

परीक्षकाचं नाव अमर. वय तेवीस, हातात टॅब, पाठीवर वजनकाटा. घरात एकुलता एक असल्यामुळे चार वर्षांचं मूल किती मोठं असतं याची त्याला नक्की कल्पना नव्हती. तरी दारात आल्यावर तो थबकला.

"अंगानं भरलेले दिसतात," तो म्हणाला.

"धरणाची मासोळी खातात जी," केशवरावांनी सांगितलं.

पहिला आला तो केशवरावांचाच मोठा नातू अश्वजित, इयत्ता दुसरी. त्याला बसायचं होतं धाकट्याच्या, म्हणजे सुगतच्या नावावर.

"तुझं नाव काय?"

"अश्वजित."

अमरने यादी पाहिली. "इथं सुगत लिहिलं आहे."

"घरी अश्वजित म्हणतात," केशवराव म्हणाले.

अमरने दहा मणी ठेवले आणि मोजायला सांगितले. अश्वजितने त्याच्याकडे दयेने पाहिलं, दहा म्हटलं आणि न विचारता तेराचा पाढा म्हणून दाखवला. लाल रंग कोणता, मोठा चेंडू कोणता, चित्रात कोण काय करतं, सगळं झटपट झालं. एका मुलीने तर चित्राखाली इंग्रजीत लिहिलेलं अमरला वाचून दाखवलं. अमर भारावून गेला. गुण भरून झाल्यावर त्याने टॅबमधल्या पुढच्या रकान्यांसाठी प्रत्येकाची उंची आणि वजन घेतलं आणि तो निघून गेला. सगळ्यांची सरासरी नऊ पूर्णांक चार. जिल्ह्यात पहिली.

हे सगळं ऐकून झाल्यावर सरिताताईंनी पिशवी उचलून खुंटीला अडकवली. मग त्यांनी शांतपणे विचारलं, "काकाजी, ते मार्चमध्ये पुन्हा येणार आहेत, हे माहीत होतं?"

"येऊ द्या. तेव्हाही दाखवू."

"ते फरक पाहणार आहेत. आज किती येतं आणि मार्चमध्ये किती येतं. जेवढं वाढेल तेवढ्यावर वर्ग मिळणार. आज तुम्ही नऊ पूर्णांक चार करून ठेवलं. वाढायला जागा किती राहिली?"

केशवराव उठले. खुर्चीही त्यांच्याबरोबर उठली. चंदाने ती मागून ओढून काढली, तोवर ते हिशेब करत होते.

"म्हंजे," ते म्हणाले, "जे कमी दाखवन त्याले जास्त?"

"हो."

"अन् जे जास्त दाखवन त्याले काईच नाई?"

"हो."

"असा कोणता सर्वे असते, बाई?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. तीस वर्षांची विद्या एका दुपारी निकामी झालेल्या माणसाचा गोंधळ होता.

पण केशवराव हार मानणाऱ्यांतले नव्हते. सर्वेक्षण चुकलं की हरकत घ्यायची असते, हे त्यांना पाठ होतं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी अर्ज तयार केला: 'आमची मुले एवढी हुशार नसून नजरचुकीने हुशार नोंदली गेली आहेत. तरी फेरसर्वेक्षण होऊन मुलांना त्यांच्या मूळ पातळीवर आणावे ही विनंती.' खाली वीस पालकांच्या सह्यांसाठी वीस ओळी सोडल्या आणि ते कागद घेऊन घरोघर फिरले.

गोदावरीबाईंनी अर्ज नातवाकडून वाचून घेतला. दुसरा नातू, अंगणवाडीतला, ओट्यावर मातीत खेळत होता.

"माहा नातू ढ आहे म्हणून मी अंगठा देऊ?"

"तसं नाई, बाई. सरकारी भाषा आहे ते."

"तुमच्या सुगतसाठी सही केली तुमी?"

केशवरावांनी केली नव्हती. लेखणी कागदापर्यंत गेली होती आणि तिथून परत आली होती. वीस ओळी होत्या, त्यातली एकही भरली नाही. जमिनीच्या कागदावर लोकांनी अंगठा लावला असता, बाकी कशावरही लावला असता, पण आपलं लेकरू मंद आहे याच्यावर नव्या आमटोलीत कोणी सही केली नाही.

इथपर्यंत प्रकरण गावात राहिलं होतं. ऑगस्ट संपताना ते जीपमध्ये बसून गावाबाहेरून आलं.

जीपमधून एक डॉक्टरीणबाई उतरल्या. त्यांच्या हातात एक यादी होती. अमरच्या टॅबमधली उंची आणि वजनं संस्थेकडून आरोग्याच्या लोकांकडे गेली होती, आणि तिथे कोणाच्या तरी लक्षात आलं होतं की नव्या आमटोलीतली चार वर्षांची मुलं सरासरी एकवीस किलोंची आहेत.

"इथे मुलांना खायला काय देता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"खिचडी. उसळ. कधी शिरा," सरिताताई म्हणाल्या.

"कमी करा. सुगत कोण? तेवीस किलो. आधी त्याला बोलवा."

सुगत आला. त्याची चड्डी एका हाताने धरलेली होती, कारण ती राहत नव्हती. डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, यादीकडे पाहिलं आणि त्याला काट्यावर उभं केलं. तेरा.

"दीड महिन्यात दहा किलो?" त्या पुटपुटल्या. मग त्यांनी त्याला भिंतीशी उभं केलं. यादीत एकशे एकवीस सेंटीमीटर होते, भिंतीवर नव्याण्णव भरले. त्यांनी पट्टी उलटी करून पाहिली. पुन्हा नव्याण्णव.

"उंचीसुद्धा कमी झाली आहे," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या.

"मॅडम, तसं नाही," सरिताताई म्हणाल्या. "तो सुगत नव्हता. त्या दिवशी बसला तो त्याचा भाऊ होता. दुसरीतला. हे सगळे आमचे आहेत, ते सगळे शाळेतले होते."

"मग यादीत सुगत कसं?"

"नाव सुगतचं. वजन अश्वजितचं."

डॉक्टरीणबाईंनी खूप विचार केला. त्यांचा चेहरा पाहून वाटत होतं की त्यांना ते पटतंय. पण पटून उपयोग नव्हता. "हे मला सांगून काय होणार? माझ्याकडे कागद आहे. कागदावर तेवीस आहे आणि काट्यावर तेरा आहे. संस्थेकडून दुरुस्ती आणा. तोपर्यंत माझ्या दृष्टीने या गावातली वीस मुलं झपाट्याने वाळत चालली आहेत."

त्यानंतरचे पंधरा दिवस नव्या आमटोलीला नीटसं काही समजलं नाही. हातपंपाचं पाणी बाटल्यांत भरून नेलं. गटारांवर धूर सोडला. एक पथक येऊन सगळ्यांची नखं तपासून गेलं. पलीकडच्या टोलीत अशी बातमी पसरली की अलीकडच्या टोलीत काहीतरी आलं आहे ज्याने माणसं आखूड होतात. गोदावरीबाईंनी दाराच्या चौकटीवर कोळशाने स्वतःची उंची आखून ठेवली आणि त्या रोज सकाळी तिथे उभ्या राहू लागल्या.

आणि मग खाऊ आला. झपाट्याने वाळणाऱ्या मुलांसाठी जो जादा आहार असतो तो सगळा आला. रोज एक अंडं, शेंगदाण्याचे लाडू, केळी, दुधाची भुकटी. खाणं कमी करायला आलेली जीप दर आठवड्याला खाणं टाकून जाऊ लागली. लाडवांचा वास कालव्यापलीकडे गेला आणि त्या पावसाळ्यात पहिल्यांदाच पलीकडच्या आयांनी लेकरं पुलावरून आणून सोडायला सुरुवात केली. रोजच्या रोज हजेरी वीस.

सरिताताईंनी मात्र संस्थेला पत्र लिहिलं. खोटं त्यांनी केलं नव्हतं, पण त्यांच्या अंगणवाडीत झालं होतं, आणि वीस मुलं ज्या फळ्यासमोर रोज बसतात त्या फळ्यापाशी उभं राहून ते लपवणं त्यांना जमेना. 'मा. महोदय, सोळा जुलै रोजी आमच्या अंगणवाडीत ज्या मुलांची परीक्षा झाली, ती आमची नव्हती. ती जास्त मोठी होती. तरी ती नोंद रद्द करावी. यामुळे आमचा वर्ग गेला तरी चालेल.' शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा खोडलं आणि तिसऱ्यांदा तसंच राहू दिलं. पत्राची नक्कल जपून ठेवली.

तीन आठवड्यांनी छापील उत्तर आलं. 'आपले पत्र मिळाले. मुलांच्या प्रगतीबद्दल वाचून आनंद वाटला.'

मग त्यांनी पत्रांचा नाद सोडला आणि शिकवायला घेतलं. वीसच्या वीस लेकरं रोज येत असल्याने त्यांना पहिल्यांदाच सलग शिकवता आलं. कालव्याकाठच्या गोट्यांवर मोजणी झाली, धान रोवलेल्या बांधीचा हिरवा, पिकलेल्या धानाचा पिवळा, कापल्यावरचा मातकट असे रंग झाले. चंदा दुपारी पलीकडच्या लेकरांना घरी नेताना वाटेत गोष्ट सांगायची आणि पुलाच्या मध्यावर थांबवून उरलेली उद्या म्हणायची. उद्या पूल ओलांडायला कोणी रडत नसे.

मार्च उजाडला. परीक्षेच्या आदल्या दिवशी केशवराव आले. या वेळी ते उभेच राहिले.

"बाई, हिशेब केला मी. मागं दुसरीतले बसवले, नऊ पूर्णांक चार झाले. आता चौथीतले बसवू. दहाला दहा होतात. थोडी तरी वाढ दिसन."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी हायस्कूल आहे ना."

"नको, काकाजी."

"मंग वर्ग गेला."

सरिताताईंनी चंदाकडे पाहिलं. वर्ग चंदाचा जाणार होता. चंदा लाडवांचा रिकामा डबा घासत होती. ती घासता घासता थांबली.

"जाऊ द्या, ताई," ती म्हणाली. "गेला तं गेला. माह्या तृप्तीले आता वीसपर्यंत मोजता येते. ते तिच्या नावावर तरी कोणी लिहून नेवो. मागच्या खेपेले तिच्या नावावर दुसऱ्याच पोरीनं मोजलं." आणि ती पुन्हा डबा घासू लागली, जरा जास्तच जोराने.

दुसऱ्या दिवशी अमर आला. खरी वीस लेकरं ओळीने बसली होती. तो दारात थबकला, मागच्यासारखाच.

"हे," तो म्हणाला, "बारीक झाले का?"

"लहान आहेत," सरिताताई म्हणाल्या. "हे आमचे. मागचे नव्हते. तुम्ही आधी परीक्षा घ्या, मग मी सांगते."

अमरने मणी ठेवले. सुगतने दहा मोजले. मग एक मणी खिशात घातला आणि नऊ म्हणाला, तेही बरोबर धरावं लागलं. तृप्तीने पिशवीतले उरलेले मणीही मागून घेतले, ती वीसपर्यंत गेली आणि मणी संपले म्हणून थांबली. चित्र पाहून एकाने सांगितलं की ही बाई पूल ओलांडते आहे. चित्रात पूल नव्हता, पण बाकी गोष्ट बरोबर होती. सरासरी आठ पूर्णांक एक.

अमरने टॅबमध्ये आकडा टाकला. वाढीच्या रकान्यात लाल अक्षरात उणे एक पूर्णांक तीन आलं आणि टॅबने विचारलं, आपली खात्री आहे का? अमरची कशाचीच खात्री नव्हती. मुलं वर्षभर शिकली, आणि शिकून कमी झाली. वजनाच्या रकान्यातही उणे, उंचीच्या रकान्यातही उणे.

सरिताताईंनी पत्राची नक्कल त्याच्यापुढे ठेवली. त्याने ती वाचली. मग त्याला तेराचा पाढा आठवला असावा, कारण त्याने कपाळाला हात लावला.

"हे पत्र कोणी वाचलं नाही?"

"वाचलं की. आनंद वाटला म्हणून कळवलं."

अमर टॅब घेऊन कालव्याच्या काठावर गेला, कारण रेंज तिथेच होती. तो तिथे चाळीस मिनिटं फोनवर बोलला. अंगणवाडीच्या दारातून फक्त त्याचे हात दिसत होते. आधी ते जमिनीपासून कमरेपर्यंत उंची दाखवत होते, मग जमिनीपासून गुडघ्यापर्यंत. मग ते खाली आले आणि बराच वेळ हललेच नाहीत.

परत आला तेव्हा त्याचा चेहरा कोरा होता. "साहेबांनी पहिली नोंद रद्द केली," तो म्हणाला. "वीसची वीस. ती मुलं तुमची नव्हती, त्यामुळे ती नोंद तुमची नाही."

"बरं झालं," सरिताताई म्हणाल्या. त्यांना खरोखर बरं वाटलं, आणि चंदाकडे पाहण्याचा मात्र धीर झाला नाही.

"म्हणजे तुमच्या मुलांची पहिली नोंद आता उपलब्ध नाही."

"नाही."

"मग चौदावा नियम लागतो." अमरने पुस्तिका उघडली आणि बोट ठेवून वाचलं. "नोंद उपलब्ध नसेल तर शून्य धरण्यात येईल. पहिली नोंद शून्य, आताची आठ पूर्णांक एक. वाढ आठ पूर्णांक एक." त्याने पुस्तिका मिटली. "जिल्ह्यात सगळ्यात जास्त वाढ दोन पूर्णांक सहा आहे. तुमचा वर्ग मंजूर आहे, ताई. वजनाचंही तसंच धरावं लागेल. सुगत वर्षभरात शून्यावरून सोळा किलो झाला."

चंदाच्या हातातून डब्याचं झाकण पडलं आणि ते खोलीभर गरगरत राहिलं. ते थांबेपर्यंत सगळे त्याच्याकडेच बघत होते.

"पण हे खरं नाही," सरिताताई शेवटी म्हणाल्या. "जुलैत यांना थोडंफार येत होतं. एकदम शून्य नव्हतं."

"ताई," अमर काकुळतीला येऊन म्हणाला, "आता आणखी खरं सांगू नका. नियम संपले आहेत."

चंदाने तृप्तीला उचललं, वास्तविक तिथे पूल नव्हता, आणि ती तिला कडेवर घेऊन नुसतीच उभी राहिली. तिचे डोळे भरून आले होते. केशवराव भिंतीला टेकून उभे होते. त्यांच्या ओठांची हालचाल चालू होती. सगळं आयुष्य ज्याला घाबरण्यात गेलं तोच आकडा कोणाला तरी काही देऊन गेला, हे ते मनाशी पुन्हा पुन्हा म्हणून पाहत होते.

"शून्य," ते म्हणाले. "सुखरामले सांगाले पाह्यजे."

जूनमध्ये दोन नंबरच्या टोलीत वर्ग सुरू झाला. पत्र्याची एक खोली, निळा रंग दिलेली भिंत, अकरा लेकरं आणि चंदाबाई. लेकरांना पूल ओलांडावा लागत नव्हता, आणि पहिल्या दिवशी चंदाने फळ्यावर तारीख घातली तेव्हा ती नुसती तारीखच अर्धा मिनिट बघत राहिली. नवा वर्ग म्हणून जुलैत त्याचीही पहिली नोंद व्हायची होती. अमरने या वेळी चार दिवस आधी कळवलं होतं.

त्या सकाळी सरिताताई मुद्दाम पूल ओलांडून गेल्या. चंदाची पहिलीच परीक्षा, जरा धीर द्यावा म्हणून. दारात चंदा उभी होती आणि पदराने हात पुसत होती. हात कोरडे होते.

"मी नाई म्हटलं, ताई," ती म्हणाली. "ऐकून कोण राह्यलं?"

आत सतरंजीवर अकरा मांड्या होत्या आणि प्रत्येक मांडीवर एक तान्हं होतं. एक झोपलेलं, दोन रडणारी, एक नुकतंच बसायला शिकलेलं आणि सारखं कलंडणारं. गोदावरीबाई मधोमध बसल्या होत्या, त्यांच्या मांडीवर पाच महिन्यांचं पोर होतं. गावात अकरा तान्ही भरली नाहीत म्हणून दोन शेजारच्या गावाहून आणली होती. केशवराव लाल खुर्चीवर बसले होते.

"आता समजला मले हा सर्वे," ते म्हणाले. "तुमी काई चिंता करू नका, बाई. यायले काईच येत नाई."

"वर्गातली लेकरं कुठं आहेत?"

त्यांनी मागच्या समाजमंदिराकडे बोट दाखवलं. खिडक्या लावलेल्या होत्या, पण आवाज येत होता. आत कोणीतरी मोजत होतं, आणि बाकीची मागून म्हणत होती. बारा, तेरा, चौदा. मोजणारा आवाज तृप्तीचा होता. ते ऐकताना सरिताताईंना हसू आलं. पंधराला आवाज जरा अडखळला आणि पुढे गेला.

कालव्याच्या वळणावर अमरच्या मोटरसायकलचा आवाज आला. केशवरावांनी जवळच्या तान्ह्याचं टोपडं नीट केलं. "चार वर्षांचा आहे जी," ते घोकल्यासारखं म्हणाले. "अंगानं बारीक आहे."

सरिताताई पायरीवर बसल्या. पिशवीतून वही काढली, एक पान फाडलं आणि गुडघ्यावर ठेवून भराभर लिहायला लागल्या.

"काय लिहून राह्यल्या, ताई?" चंदाने विचारलं.

"मागचंच पत्र," सरिताताई म्हणाल्या. "फक्त उलटं."